तिसऱ्या लेनची गादी

“जागा बदलतोस का?” त्यानं पैलवानाला विचारलं, तेव्हा आवाज जरा चोरटाच झाला. पैलवान म्हणजे त्याच्याबरोबर गाद्या ओढणारा, फुंकर मारली तर उडेल असा माणूस. त्यानं कारण विचारलं नाही, मुकाट्यानं बाजूला सरकला. अडथळ्यांच्या अंतिम शर्यतीत तिसऱ्या लेनमध्ये याची लेक धावणार होती आणि हे सांगून सांगून यानं सगळ्या स्टेडियमचे कान किटवले होते.

बंदिस्त स्टेडियममध्ये साठ मीटर संपले की थांबायला जागाच उरत नाही. म्हणून शेवटी माणसापेक्षा उंच गाद्या उभ्या करतात आणि धावणाऱ्या मुली थेट त्यांवर येऊन आदळतात. गाद्या सरकू नयेत म्हणून प्रत्येकीमागे एक माणूस खांदा लावून उभा. कुठकुठल्या देशांचे खेळाडू आले होते, कॅमेरे आले होते, पण या लोकांना दिसायची ती फक्त गादीची पाठ. शिट्टी होईपर्यंत कुणीही जागचं हलायचं नाही, अशी साहेबांची सक्त ताकीद होती.

सकाळी लेकीचा फोन आला होता. “बाबा, गुडघा परत सुजलाय. कुणाला सांगू नका हं. आईला तर नकोच.”

तो “बरं, तुझ्या गादीमागे मीच असेन” म्हणाला. पुन्हा दुखावला तर धावणं विसरा, असं डॉक्टरांनी गेल्या वर्षीच बजावलं होतं. फोन ठेवताच उठून तिच्या प्रशिक्षकांकडे जायला हवं होतं. पण अंतिम फेरी, तीही आपल्याच गावात! ती धावावी असं त्यालाही वाटत होतं, अगदी मनापासून, आणि तेच आता त्याला खात होतं. दुपारी बायकोनं फोनवर विचारलं, आवाज असा का येतोय. इथे फार गोंगाट आहे असं सांगून त्यानं वेळ मारून नेली.

स्टेडियम एकदम शांत झालं. जिंकणंबिंकणं राहू दे, नीट पोचू दे, एवढंच तो म्हणत राहिला.

पिस्तुलाचा आवाज झाला. पावलं जवळ येत गेली, मध्येच एक अडथळा धाडकन पडला आणि लोक ओरडले. कुणाचा ते कळायला मार्ग नव्हता. मग धप्प. पैलवानाची गादी हलली. पलीकडच्याही हलल्या, एकीमागून एक. त्याची तेवढी हलली नाही.

तो खांदा लावून उभाच राहिला. धावत पुढे जावं का? पण जागा सोडली आणि नेमकी तेव्हाच ती आली तर?

टाळ्या सुरू झाल्या. जिंकल्यावर वाजतात तशा नाही, सावकाश, आणि थांबेचनात. बऱ्याच वेळानं गादीला काहीतरी टेकलं. आधी हात असावेत, मग कपाळ.

“बाबा?” पलीकडून दमलेला आवाज आला. “आहात ना?”

“आहे.”

“चालत आले. पण आले.”

तिचं सगळं वजन हळूहळू गादीवर आलं. त्यानं पाय घट्ट रोवले.

शिट्टी झाली. बाकीचे घाम पुसत निघाले. पैलवान त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, “सोड आता, झालं.”

त्यानं मान हलवली आणि गादी तशीच धरून ठेवली.