पोटातला दगड तटाला, पोटातलं पाणी गडाला

“ओत पाणी आणि आता गप्प बस. दगडाला घाई केलेली खपत नाही!”

मित्रांनो, माझ्या कानी पडलेला हा पहिला आवाज. एक पाथरवट आपल्या बायकोला सांगत होता. खडकाला भोकं पाडून त्याने सुक्या लाकडाच्या पाचरी ठोकल्या होत्या आणि ती त्यांच्यावर घागरीने पाणी ओतत होती. लाकूड भिजलं, फुगलं आणि टण्णकन खडक दुभंगला. तिथून माझा जन्म सुरू झाला.

मी एका डोंगरी किल्ल्याच्या माथ्यावरचं जुनं टाकं आहे. माझ्या पोटातून निघालेला दगड वाया गेला नाही. त्याचा तट झाला, बुरूज झाले. खाली दोन बुरुजांच्या आड लपलेला दरवाजा आहे ना? शत्रूला धावत येऊन धडक देता येऊ नये म्हणून त्याच्यापुढची वाट मुद्दाम वळवलेली आहे. त्याची कमानही माझ्याच दगडाची. तट माझा पाठचा भाऊ. त्याने बाहेर छाती काढून उभं राहायचं आणि मी आत पाणी धरायचं.

एकदा शत्रू सारा उन्हाळा पायथ्याशी तळ ठोकून बसला. तहानेने गड आपोआप खाली उतरेल, असं त्याला वाटलं. मी तळ दिसेपर्यंत पाणी दिलं, पण गडाला झुकू दिलं नाही. शेवटी शत्रूच कंटाळून गेला.

पुढे माणसं खाली राहायला गेली. माझ्यात गाळ भरला. एका झुडपाचं मूळ भिंतीत शिरलं आणि भेग पडली. पाणी येई नि पाझरून जाई. मग एक शेळी गाळात रुतली आणि गावाने ठरवलं, यंदा पाणी टिकलं तर ठीक, नाहीतर टाकं बुजवायचं.

हे एका गवंड्याच्या मुलीच्या जिव्हारी लागलं. ती चढणीवर सरसर चढे, म्हणून सगळे तिला खारू म्हणत.

“बाबा, येता का वर?”

“माझे गुडघे काय फुकट आलेत? फुटकं भांडं ते.”

“फुटक्या भांड्याला आई डाग देऊन आणते, टाकून देत नाही.”

“तुझी आई मलाही डाग देऊनच वापरतेय. नाद सोड!”

तिने नाद सोडला नाही. मैत्रिणींना घेऊन तिने गाळ उपसला. भेगेत जुना, वाळलेला चुना निघाला. त्यावर वाकड्या अंगठ्याचा ठसा होता. तो कुणाचा, हे मला ठाऊक होतं. तिने त्या ठशावरून हळूच बोट फिरवलं. तिने मूळ टोकापर्यंत खणून काढलं आणि मगच नवा चुना भरला.

पाऊस आला, पोट भरलं. उघडीप होताच तिने पाण्याच्या काठाशी रेघ ओढली. कडक ऊन पडलं. मी सारं बळ एकवटून पाणी धरलं.

मित्रांनो, किल्ल्यावर आलात तर तटासारखंच मलाही बघा. माझ्यात बाटल्या टाकू नका. आणि भिंतीत झुडूप दिसलं तर ते लहान आहे तोवरच कुणाला तरी सांगा. मला अजून खूप वर्षं पाणी धरायचं आहे.

तर, त्या कडक उन्हाच्या दिवसांत एकदा धापा टाकत गवंडी वर आला. खाली वाकून त्याने आपला वाकडा अंगठा रेघेवर ठेवला. अंगठा ओला झाला.

“तुझ्या वयाचा होतो तेव्हा मीही बुजवली होती ही भेग,” तो म्हणाला. “मूळ आत तसंच ठेवून. पाणी गेलं आणि सारं गाव हसलं. तुला नको म्हणत होतो ते गुडघ्यांपायी नव्हे गं, खारू. तुलाही हसतील, याची भीती वाटत होती.”