शेवटचे प्रकरण हरवलेले पुस्तक

मी एक जुने पुस्तक आहे. सीमाभागातल्या हळ्ळीखेडच्या छोट्या मराठी वाचनालयात माझा जन्म गेला. निजामी राजवट कशी संपली, गिरण्या कशा उघडल्या आणि बंद पडल्या, हातचे काम सुटलेली माणसे पुढे काय शिकली, हे सगळे माझ्या पोटात आहे.

मित्रांनो, एके काळी माझ्यासाठी मुले नंबर लावत. परीक्षेला बसणारी पोरे मला उशाशी घेऊन निजत. पुढे मला कुणी मागेनासे झाले आणि मी भिंतीकडच्या खालच्या फळीवर गेले. तिथे ओल होती. एका दुपारी शेजारच्या भूगोलातून बारीक कुरकुर ऐकू आली. वाळवी! मला ना पळता येई, ना ओरडता. ती माझ्याकडे सरकत होती आणि मी नुसते ऐकत होते.

ग्रंथपाल संध्याबाईंच्या हे ध्यानात आले, तोवर ती माझ्या मागच्या पुठ्ठ्यातून आत शिरली होती. त्यांनी त्या फळीवरची सगळी पुस्तके अंगणात काढली. शिपाई नागनाथने काडी ओढली. माझ्या डोळ्यांदेखत भूगोलातले नकाशे काळे पडले.

तेवढ्यात श्रीदेवी आली. ती हुमनाबादला टायपिंगच्या दुकानात कामाला होती.

"संध्याअक्का, काम गेलं माझं. मोबाईलवर बोललं की आपोआप टाईप व्हायलंय म्हणं. मालक म्हणले, उद्यापासून येऊ नको."

मग तिची नजर माझ्यावर पडली.

"हे कामून जाळायलाव?"

"वाळवी हाय त्यात," नागनाथ म्हणाला. "घरी नेलीस तर कपाट खाईल."

"झटकून घेते की, अण्णा."

तिने मला उन्हात धरून पान न् पान झटकले. पायरीवर बसून ती गिरणी बंद पडल्याचे प्रकरण वाचू लागली.

"अक्का, ह्या लोकांना बी असंच भ्या वाटलं व्हतं! मग काय केलं त्यांनी?"

ती भराभर पाने उलटू लागली. ते सारे शेवटच्या प्रकरणात होते. तिथे तिच्या बोटांत नुसता भुगा आला.

"पुढचं न्हाईच की..."

आगीला मी भ्याले नव्हते, एवढे तिच्या त्या चेहऱ्याला भ्याले.

आता मी तिच्या घरी आहे. माझी दुसरी प्रत संध्याबाईंना अजून कुठे सापडलेली नाही. श्रीदेवी रोज नवे काम शोधायला बाहेर पडते.

मित्रांनो, आमची पूजा करू नका. अधूनमधून आम्हाला उघडा, ऊन दाखवा. भ्यालेले माणूस कधी दाराशी येईल, सांगता येत नाही. त्या वेळी आम्ही मुकी निघू नये.