दसऱ्याची ब्युरेट

मुळशीतल्या अपेक्षाच्या ज्युनिअर कॉलेजात रसायनाची काचेची भांडी वर्षभर कपाटात बंद असायची. फुटली तर भरून कोण देणार? ती बाहेर निघायची फक्त खंडेनवमीला, पूजेसाठी. ब्युरेटला, म्हणजे खाली तोटी असलेल्या त्या लांब नळीला, हळदकुंकू वाहायचा मान अपेक्षाचा. प्रयोग फळ्यावरच उरकायचे आणि मार्क मात्र पैकीच्या पैकी पडायचे.

पुण्याच्या कॉलेजात प्रवेशाला वडील, हैबतराव, सोबत आले. रसायनाचे कोर्स दोन होते. प्रयोग केलेल्यांना मुख्य, न केलेल्यांना पायाभूत. प्रवेश देणाऱ्या रसायनाच्या आशालता मॅडमनी विचारलं, "ब्युरेट हाताळली आहेस?"

"हो," अपेक्षा म्हणाली. मागे शहरातली पोरं उभी होती ना!

हैबतरावांना राहवलं नाही. "दरसाल हाताळलीय मॅडम. दसऱ्याची पूजा हिच्याच हातनं व्हायची. बाकी वर्षभर कपाटातच की ती."

मागे खसखस पिकली. अपेक्षाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती फणकारली, "आण्णांना यातलं काही कळत नाही. मी प्रयोग केलेत. मला मुख्य कोर्सच द्या."

"व्हय, मला न्हाई कळत," हैबतराव म्हणाले आणि टोपी सारखी करत बाहेर जाऊन बसले.

मुख्य कोर्स मिळाला. पहिल्याच प्रॅक्टिकलला मॅडमनी ब्युरेट हातात दिली आणि अपेक्षानं सवयीनं ती कपाळाला लावली. झालं! सगळी बॅच हसली. मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. तोटी कशी फिरवायची तेही पोरीला ठाऊक नाही, हे त्यांनी पाहिलं. "कोर्स बदलावा लागेल. वडिलांना घेऊन ये," एवढंच म्हणाल्या.

"मॅडमनी बोलावलंय," इतकंच ती घरी पुटपुटली. हैबतरावांनीही जास्त विचारलं नाही. भातलावणी टाकून पौडहून एसटीनं आले आणि मॅडम काही बोलायच्या आत त्यांनी हात जोडले.

"चूक माझी हाय मॅडम. मोठाच कोर्स घे म्हणून मीच तिला घरनं पढवून आणलं हुतं. तिला नका बोलू."

अपेक्षाची मान वर होईना. कॉलेजात ती कटाक्षानं शहरी बोलायची, पण आता जीभ आपोआप गावाकडे वळली. "न्हाई मॅडम. आण्णा खरं बोलले हुते. खोटं मी बोलले, आन् वर त्यांनाच अडाणी ठरवलं."

"ऱ्हाऊ दे गं," हैबतराव हळूच म्हणाले. "नळी फुटली न्हाई ना?"