इत्तोने धुतलेला कोट

मित्रांनो, मी एक जुना निळा कोट आहे. डोंगरात, बर्फात घालायचा. मोरोक्कोच्या ॲटलास पर्वतातल्या तिमरा गावात, हमादच्या घरातल्या खुंटीवर सध्या माझा मुक्काम आहे. हमाद आता नाही. तो का नाही, हे या घरात दोघांनाच ठाऊक आहे. एक त्याचा धाकटा भाऊ इद्देर आणि दुसरा मी. इद्देर बोलत नाही आणि मला तोंड नाही. म्हणून तुमच्यापाशी मन मोकळे करतो.

माझा जन्म तांजेरच्या एका कारखान्यात झाला. समुद्रात टाकून दिलेली मासेमारीची जाळी गोळा करून, वितळवून माझा धागा काढला. कंपनीला याचा कोण अभिमान! 'पृथ्वी एकच, कोटही एकच' हे तिचे ब्रीद. एकदा घ्या, जन्मभर वापरा, फाटला तर आम्ही शिवून देऊ. माझ्या दोन कापडांच्या मध्ये कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ पडदा होता. घाम बाहेर सोडायचा, पण पाण्याचा थेंब आत घ्यायचा नाही, ही त्याची करामत. माझी सगळी अक्कल त्या पापुद्र्यातच होती म्हणा ना!

मला एका परदेशी गिर्यारोहकाने विकत घेतले. इथल्या शिखरावर चढताना त्याचे सामान हमादच्या खेचरावर होते. वाटेत वादळ आले आणि हमादने त्याला हाताला धरून खाली आणले. निरोप घेताना पाहुण्याने मला अंगातून काढले आणि हमादच्या खांद्यांवर घातले. त्या दिवशी माझी गावभर वरातच निघाली.

"काय हमाद, आता आम्हाला ओळख देणार की नाही?" चौकातले म्हातारे विचारत.

"आधी कोटाला सलाम करा, मग मला," हमाद म्हणे आणि खो खो हसे.

पहिल्या हिवाळ्यात मी त्याला थेंबभरही भिजू दिले नाही. पलीकडच्या बाजारातून खिंड ओलांडून पीठ आणायचे, हे त्याचे काम. पूर्वी तो त्यासाठी जेलाबा, म्हणजे जाड लोकरीचा पायघोळ झगा घाली. तो जेलाबा भिजला की मणभर जड होई, पण ऊब सोडत नसे. माझ्या भरवशावर हमादने तो पेटीत टाकला. मला तेव्हा त्याचा गर्व वाटला होता. आज त्या गर्वाची लाज वाटते.

मग शरद ऋतू आला. अक्रोड झोडून झाले की तिमराच्या बायका घरातली सगळी लोकर ओढ्यावर नेतात. तिघश्त नावाची मुळी कुटून तिचा फेस काढतात आणि घोंगड्या लाकडी धोपाटण्याने बडवतात. जिची घोंगडी स्वच्छ तिचे घर स्वच्छ, असा इथला हिशेब. आणि हमादच्या बायकोचा, इत्तोचा, त्यात कोणी हात धरू शकत नसे.

"काढ तो कोट," ती म्हणाली. "खेचर कोण नि तू कोण, वासावरून कळेनासं झालंय."

"अगं, परवाच तर पाऊस लागला त्याला. आपोआप धुतला गेला."

"खेचरालाही लागला होता. धुतलं गेलं का?"

हमादने मला अंगातून काढले आणि मी ओढ्यावर गेलो. मित्रांनो, इत्तोने मला रागाने नाही हो बडवले. सणाची घोंगडी बडवावी तितक्या प्रेमाने बडवले. कॉलर दोनदा, खांदे चारदा. प्रत्येक घावासरशी माझा पापुद्रा आतल्या आत फाटत होता. माझ्या आत, शिवणीजवळ, नऊ भाषांत लिहिले होते की धोपटू नका. त्या नऊंत इत्तोची भाषा नव्हती, आणि तिला कुठल्याच भाषेत वाचता येत नव्हते. शेजारची खुणेची चित्रे तिला नक्षी वाटली.

वाळून निघालो तेव्हा मी नव्यासारखा चमकत होतो. शेजारणी विचारू लागल्या, "दुसरा आणलास काय गं?" माझे एवढे कौतुक पूर्वी कधी झाले नव्हते, आणि तेव्हा मी आतून संपलो होतो.

त्या हिवाळ्यात हमाद पहिल्यांदा भिजला. "म्हातारा झालो वाटतं," तो इत्तोला म्हणाला, "घाम फार येतो हल्ली." दर शरदात तिने मला धुतले आणि दर हिवाळ्यात त्याचा घाम वाढत गेला. चौथ्या वर्षी खिंडीत ओला बर्फ पडला. संध्याकाळी खेचर पिठाच्या गोण्या घेऊन एकटेच दारात आले. दोन दिवसांनी इद्देरला एका कपारीत हमाद सापडला. माझी चेन त्याने हनुवटीपर्यंत ओढून घेतली होती. शेवटपर्यंत त्याचा माझ्यावर विश्वास होता. इद्देरने मला काढले तेव्हा माझ्या आतून पाणी निथळत होते.

वसंतात कंपनीची एक बाई आली. तिचे नाव आनेक. खूप वर्षे टिकलेल्या कोटांची छायाचित्रे ती गोळा करत होती. इत्तो तेव्हा विधवेच्या पांढऱ्या कपड्यांत होती. हकिगत कळल्यावर आनेकने कॅमेरा पिशवीत ठेवला. तिने मला उलटे केले, उजेडात धरले, बोटाने चाचपले. तिचे डोळे भरून आले. इद्देर वाटाड्याचे काम करतो, त्याला फ्रेंच येते. ती त्याला हळूच म्हणाली, "याला वर्षानुवर्षं बडवलंय. आतला पडदा उरलेलाच नाही. आमच्याकडेही हे शिवता येत नाही."

इद्देरने हातातला चहाचा पेला खाली ठेवला.

"काय म्हणतेय ती?" इत्तोने विचारले.

इद्देरने आधी माझ्याकडे पाहिले, मग वहिनीकडे. "म्हणतेय, इतका जुना आणि इतका स्वच्छ कोट तिनं जगात कुठं पाहिला नाही."

इत्तो ढसाढसा रडली. "तुझा भाऊ मला हसायचा रे," ती म्हणाली. "बघ, परकी माणसंसुद्धा म्हणतात." आनेकला वाटले, हिला सगळे सांगितले गेले आहे. जाताना तिने कंपनीतर्फे माझ्यासारखाच एक नवा कोट इद्देरला दिला. आता तो घालून पीठ आणायला इद्देरच जातो.

आज पुन्हा अक्रोड झोडून झाले आहेत. सकाळी इत्तो दारात उभी राहिली. "दे तो कोट, भावजी. खेचराचा वास मारतोय."

"राहू दे ना वहिनी, यंदा."

"का? त्या बाईला माझं धुणं आवडलं. तुला नाही आवडत?"

नको म्हणावे तर ती कारण विचारणार. कारण सांगावे तर ती उरलेला जन्म कशी काढणार? दुसरे काही अंगात घालून खिंडीत जावे, तरी तिचा प्रश्न तोच. इद्देरने चेन उघडली, अंगातला नवा कोट काढला आणि तिच्या हातांत दिला.

मित्रांनो, आमच्यासारख्यांनी आत्मकथेच्या शेवटी 'आम्हाला जपा' असे सांगायचे असते. मी ते कोणत्या तोंडाने सांगू? मला तर जिवापाड जपले होते. ज्यांना वाचता येते त्यांनी जे लिहिले आहे ते ऐकणाऱ्याच्या भाषेत वेळेवर सांगावे, एवढेच माझे मागणे. पण इथे सांगणारा तोंड मिटून ओसरीवर बसला आहे, आणि ओढ्यावर इत्तोने नुकतीच मुळी कुटायला घेतली आहे.