सगळ्या लाइनी व्यस्त

दोन फोन कंपन्यांचं भांडण आमच्या नियामक कार्यालयात येऊन पडलं होतं. नवी कंपनी म्हणे, आमच्या ग्राहकांचे कॉल आत घ्यायला मोठी कंपनी पुरेशा लाइनीच देत नाही. मोठी म्हणे, आधी मिनिटामागे भाव वाढवून द्या. दोघींची तोंडं दोन दिशांना, आणि मधल्या मध्ये माणसांचे फोन लागेनात. भाव ठरवण्याआधी खरंखोटं मोजून आणायचं काम साहेबांनी माझ्या गळ्यात मारलं.

मोजणी सोपी. नव्या कंपनीच्या फोनवरून मोठीच्या एका ग्राहकाला दर दोन मिनिटांनी कॉल लावायचा, लागला तर अर्ध्या मिनिटात तोडायचा. पण एवढा वेळ फोनपाशी बसून राहणारं माणूस आणायचं कुठून? मला एकच नंबर आठवला, आईचा. तिचा फोन मोठ्या कंपनीचाच.

आणि आई महिनाभर माझ्याशी बोलत नव्हती. तिच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या दिवशी मी दौऱ्यावर होतो. फोन माझाही नव्या कंपनीचा. दिवसभर लावला, लागलाच नाही. ताईचा आईसारखाच मोठ्या कंपनीचा, तो लागला. "ताईचा लागतो, तुझाच बरा लागत नाही? थापा मारू नकोस," म्हणून तिने अबोला धरला. माझा स्वभाव तिच्यावरच गेलाय, मीही हट्टाला पेटलो.

शेवटी ताईकरवी निरोप धाडला: सरकारी काम आहे, अकरापासून दर दोन मिनिटांनी फोन येईल, फक्त उचल.

पहिले सहा कॉल लागलेच नाहीत. सातवा लागला.

"घड्याळ समोर ठेवून बसलेय," आई फणकारली. "अकराला येणार होता ना?"

"आला होता. हा सातवा."

"मग वाजला का नाही?"

"लागत नाही गं. तेच तर मोजतोय."

"म्हणजे त्या दिवशीसुद्धा..."

अर्धं मिनिट संपलं. नियम म्हणजे नियम. फोन तोडला आणि स्वतःलाच चार शिव्या हासडल्या.

पुढचे पाच लागले नाहीत. सगळ्या लाइनी व्यस्त असल्याचं रेकॉर्डवरची बाई गोड आवाजात सांगत राहिली. माझा जीव टांगणीला लागला.

तेरावा लागला.

"किती वेळा केला होतास रे?" आईने थेट विचारलं.

"मोजले नाहीत. संध्याकाळपर्यंत करत होतो."

"आणि मी डोळ्याला पट्टी बांधून, फोन उशाशी धरून... नर्सला सारखं सांगत होते, त्याचा येईल, त्याचा येईल. फार वाईट वाटलं होतं मला."

"मलाही, आई."

"आता तोडशील ना?"

अर्धं मिनिट केव्हाच उलटलं होतं. मोजणी बाद होणार होती, साहेब झापणार होते.

"नाही," मी म्हणालो. "बोल तू."