बाबांच्या पायाखालचा ब्रेक

आमच्या गाडीला दोन ब्रेक आहेत. एक चालवणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसणाऱ्याच्या. बाबा लोकांना गाडी शिकवतात. शिकाऊ माणूस भिंतीवर, कुत्र्यावर किंवा उभ्या बसवर निघाला की बाबा आपला ब्रेक दाबतात आणि त्याच क्षणी गाडीत एक भोंगा वाजतो. हा भोंगा त्यांनी मुद्दाम बसवून घेतलाय. बाकीचे शिकवणारे गुपचूप ब्रेक मारतात आणि शिकणाऱ्याला वाटतं, वा, काय झकास थांबवली मी गाडी. बाबांना हे पटत नाही. गाडी कोणी थांबवली हे शिकणाऱ्याला कळलंच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्या भोंग्यापायी काही गिऱ्हाइकं चिडून सोडून गेली, पण बाबांनी तो काढला नाही.

ही सवय त्यांच्याबरोबर घरीही येते. सोफ्यावर बसलेले असताना आई उकळतं पातेलं घेऊन समोरून गेली तरी त्यांचा उजवा पाय जमीन दाबतो. आमची सतरंजी तेवढ्याच एका जागी झिजली आहे. पाहुणे विचारतात, मग आई सगळं समजावून सांगते आणि बाबा पेपरात तोंड घालतात.

मला घरात वकीलबाई म्हणतात. लहान असताना मी दूध न पिण्याची कारणं अशी काही मांडली म्हणे, की आत्या हसून हसून लोळली आणि म्हणाली, ही वकीलच होणार. झालं, तेवढ्यावर माझा निकाल लागला. एखाद्या पोराने चमच्याने ताट बडवलं म्हणून कोणी त्याला भांड्यांचं दुकान काढून देत नाही, पण माझ्या बाबतीत कोणाला शंकाच आली नाही. शाळा संपली, मार्क चांगले पडले, दूरच्या विद्यापीठात कायद्याच्या वर्गात जागा मिळाली, वसतिगृहात खोलीही मिळाली. आत्याने चाकांची भली मोठी बॅग आणली. बाबा तर प्रत्येक शिकाऊ माणसाला सांगत सुटले. क्लच हळू सोडा, माझी मुलगी वकील होणारे, आरशात बघा, वसतिगृहात राहणारे, आता डावीकडे.

आणि मी? भाजीत मीठ जास्त आहे की कमी यावर तास घालवणारी मी, मूग गिळून गप्प बसले. कारण मला वकील व्हायचं नव्हतं. मला पाय बनवायचे होते.

हे कसं झालं ते सांगते. आमच्या शेजारच्या बेकरीवाल्या काकांचा एक पाय अपघातात गुडघ्याखालून गेला. ते बाबांकडे पुन्हा गाडी शिकायला आले. त्यांना नवा पाय बसवून घ्यायला वरचेवर एका कार्यशाळेत जावं लागायचं आणि सुट्टीत मी रिकामी होते, म्हणून सोबतीला माझी रवानगी झाली. ती कार्यशाळा म्हणजे एक लांबट खोली, खिडकीपर्यंत प्लास्टरची पांढरी धूळ, भिंतीला टांगलेले साचे आणि मधे दोन आडव्या दांड्या. त्या दांड्या धरून माणसं चालून बघायची. तिथल्या मुख्य कारागीर बाईंना सगळे पायवाल्या बाई म्हणतात, त्यांनाही त्याचं काही वाटत नाही. त्या काकांना चालायला लावायच्या, विचारायच्या, कुठे टोचतंय? काका भिडस्त. म्हणायचे, कुठेच नाही. बाईंचा त्यावर काडीचा विश्वास नसायचा. त्या पाय काढून घ्यायच्या, उरलेला पाय जिच्यात बसतो ती आतली वाटी जरा घासायच्या आणि पुन्हा चालवायच्या.

एकदा मी मधे तोंड घातलं. म्हटलं, काका वळताना टाच उचलतात, तर वाटी मागच्या बाजूने का घासत नाही? बाई म्हणाल्या, कारण त्रास पुढून आहे. मी म्हटलं, मग पाय मागे का पडतो? असं बराच वेळ चाललं. एरवी मी वाद घातला की लोक वकीलबाई म्हणून हसतात. बाईंनी माझ्या हातात पॉलिश पेपर दिला आणि म्हणाल्या, घास मागून, बघू. मी घासलं. काका चालले आणि त्यांना आणखी टोचलं. मी चुकले होते. पण का चुकले हे माझ्या हातांना कळलं होतं, आणि त्या दिवशी घरी येताना मी इतकी खूश होते की काकांनी विचारलं, तुला काही बक्षीस मिळालं का.

त्यानंतर सुट्टीभर मी तिथेच पडून असायची. घरी वाटायचं, काकांना सोबत करतेय, गुणी पोर. सुट्टी संपता संपता बाई म्हणाल्या की त्यांच्याकडे शिकाऊ कारागिराची एक जागा आहे. तीन वर्षं काम करत शिकायचं, आठवड्यातून एक दिवस वर्ग, थोडा पगारही. मात्र नियम असा, की विद्यापीठात नाव नोंदवलेल्याला ही जागा देता येत नाही. तिकडे नोंदणी होती शुक्रवारी. त्याच संध्याकाळपर्यंत कळव, नाहीतर दुसऱ्या कोणाला तरी घेते, असं त्यांनी सांगितलं. मी कळवते म्हटलं आणि घरी येऊन आईला वसतिगृहात न्यायच्या चादरींच्या घड्या करायला मदत केली.

शुक्रवार उजाडला. आईला कामावर सुट्टी नव्हती. दारातच ती माझ्या गळ्यात पडून रडली आणि मग घड्याळ बघून धावत बसला गेली. बाबा म्हणाले, तू चालव. माझा परवाना नवाकोरा होता. गाडी तीच, टपावर शिकाऊ चालकाची पाटी, पायाशी दोन ब्रेक.

रस्ताभर मी ठरवत होते, पुढच्या पेट्रोल पंपावर सांगायचं. पंप आला की वाटायचं, पुढच्या पुलानंतर. पाटी बघून लोक आम्हाला ओलांडून जात होते. एक ट्रॅक्टरही गेला. एरवी बाबा म्हणाले असते, जरा वेग घे, रस्ता काय झोपायला आहे का. त्या दिवशी ते नुसता वेगाचा काटा बघत बसले. एकदा त्यांनी विचारलं, चार्जर घेतलास? मी हो म्हटलं. आमचं एवढंच बोलणं झालं.

विद्यापीठाचं फाटक आलं. आत मोठी झाडं, बॅगा ओढणारी पोरं, गवतावर पाय पसरून बसलेल्या मुली, कोणीतरी गादी डोक्यावर घेऊन चाललेलं. पहारेकऱ्याने हात हलवला, या म्हणाला. समोर रस्ता मोकळा होता. मी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, गाडी हलली आणि गचका खाऊन बंद पडली.

भोंगा वाजत होता.

मी बाबांच्या पायाकडे बघितलं. त्यांनीही स्वतःच्या पायाकडे बघितलं. बूट ब्रेकवर पक्का बसला होता. माणूस आला होता समोर, असं ते म्हणाले. समोर माणूस सोडा, मांजरही नव्हतं. पहारेकऱ्याने येऊन काचेवर टकटक केली, टपावरची पाटी वाचली आणि समजूतदार चेहऱ्याने गाडी बाजूला घ्यायला सांगितलं. ढकलू का, असंही विचारलं.

बाबांनी पाय काढला, भोंगा थांबला. मी गाडी फाटकाबाहेरच्या झाडाखाली नेली, आणि मला त्यांचा भयंकर राग आला.

"तुम्हीच तर सगळ्या गावाला सांगत होता," मी म्हटलं. "मग आता ब्रेक का?"

त्यांनी आपला पट्टा सोडला. मग म्हणाले, "तू भाजीतल्या मिठावरून भांडतेस. शाळेच्या मोज्यांवरून मुख्याध्यापिकेशी भांडलीस. आणि यावर तुझ्या तोंडून एक शब्द नाही. मला आधी वाटलं, हिला खरंच जायचंय. पण आज तू ज्या वेगाने गाडी आणलीस ना... मला भीती वाटली. तू आत जाशील, तुला आवडणार नाही आणि तू तेही सांगणार नाहीस."

मला रडू आलं. रडतच मी सगळं सांगितलं, काकांचा पाय, बाई, पॉलिश पेपर, संध्याकाळची मुदत. फार सरळ सांगितलं नाही, मधेमधे बाबांवर आणि आत्यावर आणि त्या दुधाच्या पेल्यावर घसरले. जो वाद मी कित्येक महिने घालायला हवा होता तो तिथे एका दमात घातला. आणि समोर विरोधी पक्षच नव्हता. बाबा नुसते मान हलवत होते.

सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं. "तिथे चुकू देतात का?"

"देतात. पण माणसाला पाय लावायच्या आधी बाई सगळं तपासतात."

"मग हरकत नाही," ते म्हणाले आणि त्यांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की समोरची काच धुरकट झाली. माझा जीव भांड्यात पडला. त्यांचाही पडला असावा, कारण त्यांना लगेच भूक लागली.

मग आम्ही पायी आत गेलो. जागा सोडतेय हे सांगायला हवं होतं. नोंदणीच्या खिडकीवरच्या बाई मला रागावतील असं वाटलं होतं, पण त्या चक्क हसल्या. म्हणाल्या, प्रतीक्षा यादीतली एक मुलगी रोज फोन करून माझे कान खातेय, तिला आत्ता कळवते. त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. पलीकडून अशी किंकाळी आली की त्यांनी रिसीव्हर कानापासून लांब धरला. ती मुलगी नक्की चांगली वकील होईल.

कँटीनमध्ये आम्ही चहा घेतला. शेजारच्या टेबलावर तीन पोरं कशावरून तरी कडाकडा भांडत होती आणि मधेच हसत होती. खरं सांगते, जागा छान होती. आता तिथे राहायचं नव्हतं म्हणून ती मला आणखीनच आवडली. तिथूनच मी पायवाल्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, सोमवारी ये, जुने कपडे घालून ये, आणि ठेवून दिला.

आईला सांगायचं काम उरलं. बाबा म्हणाले, मी बोलतो, आणि फोन लागल्याबरोबर माझ्या हातात दिला. मी सांगितलं. मग आई म्हणाली, "मग मी सकाळी एवढी रडले ते काय फुकट?" तिचा आवाज चिडका होता आणि थोडा ओलाही. नीट विचार केलास ना, असं तिने दोनदा विचारलं, दोन्ही वेळा मी हो म्हटलं. शेवटी म्हणाली, चादरी मळवू नका, रात्री जेवायला या, आणि आत्याला तूच सांगायचं, मी मधे पडणार नाही. हे शेवटचं अवघड होतं. अजूनही आहे, आत्या त्या बॅगेवरून मला टोमणे मारते.

परत निघताना मी गाडीत बसले, आरसा नीट केला. बाबांनी आपली सीट मागे सरकवली, पट्टा लावला, बूट काढून कडेला ठेवले आणि सीटवर चक्क मांडी घातली. जन्मात मी त्यांना गाडीत असं बसलेलं बघितलं नव्हतं.

मी विचारलं, "हे काय?"

"चालव तू," ते म्हणाले. "रस्ता बघ."

मी वेग घेतला. या वेळी आम्ही ट्रॅक्टरला ओलांडलं. पुलाच्या अलीकडे एक बस अचानक आडवी आली. बाबांचा उजवा गुडघा मांडीतल्या मांडीत उडाला. मी ब्रेक दाबला, गाडी बसपासून चांगली हातभर अलीकडे थांबली, आणि भोंगा वाजला नाही.