खऱ्या वजनाचा फोर्क

दुकानदाराने सायकल स्टँडला टांगली, पुढचं चाक धरून धक्के झेलणारा, पण आता मोडलेला फोर्क खिडकीशी उजेडात नेला आणि पहिला प्रश्न विचारला तो वजनाचा.

"चौदा किलो," सायकल घेऊन आलेला माणूस म्हणाला.

"सायकलचं नाही, तुमचं."

"शंभरच्या आसपास."

दुकानदार साठीचा, अंगाने काडीसारखा. त्याने चष्म्यावरून पाहिलं. "आसपास म्हणजे अलीकडे की पलीकडे?"

तो माणूस फोर्ककडे बघू लागला. एकोणीस वर्षं तो उंच इमारतींच्या कामावर क्रेन चालवत होता. हुकाला लटकलेल्या मालाचं वजन केबिनमधल्या पडद्यावर दिसायचं. मर्यादेपेक्षा दहा किलो जरी जास्त दिसले, तरी तो माल परत खाली टेकवायचा. खालून मुकादमाने कितीही आरडाओरडा केला तरी दाद द्यायचा नाही. स्वतःचं वजन मात्र त्याने चार वर्षांत पाहिलं नव्हतं. घरातला काटा त्यानेच माळ्यावर टाकला होता.

पाच आठवड्यांपूर्वीच्या रविवारी तो आणि त्याची धाकटी बहीण जंगलातल्या उतारावरून सायकली चालवत येत होते. तो पुढे, ती मागे. एका वळणावर हँडलखाली काडकन आवाज झाला, पुढचं चाक निखळल्यासारखं आत वळलं आणि तो सायकलसकट आडवा झाला. बहिणीला ब्रेक लावायलाही वेळ मिळाला नाही. ती त्याच्यावरून पलीकडे फेकली गेली. त्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. तिचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं, आणि ती शिवणकाम करायची.

"मध्येच दगड आला," तो दवाखान्यात म्हणाला होता. बहीण म्हणाली होती, "चूक माझीच. मी फार जवळून चालवत होते." आईलाही तिने हेच सांगितलं. त्याने ते खोडून काढलं नाही.

"हे बघा," दुकानदार म्हणाला. हँडलकडे जाणारी नळी फोर्कच्या दोन पायांना जिथे मिळते, तिथेच ती तुटली होती. त्याने तुटलेल्या कडेवरून नख फिरवलं. "ही बाजू चकचकीत आहे. ती त्या दिवशी तुटली. ही काळी पडलेली बाजू आधीच गेली होती. भेगेत मळ शिरलाय. महिना-दोन महिने तरी झाले असतील. करकर येत असणार."

"येत होती."

"मग आणली का नाहीत? या फोर्कची मर्यादा शंभर किलो. पुस्तिकेत छापलेलं असतं, पण वाचतंय कोण."

त्याने ते वाचलं होतं. करकर सुरू झाली तेव्हा त्याने तेल सोडलं, बोल्ट आवळले, आणि नंतर सवय झाली म्हणून सोडून दिलं. दुकानात गेलं की वजन विचारतील, एवढ्याचसाठी तो आला नव्हता. हे त्याला आत्ता, त्या काळ्या कडेकडे बघताना, स्वच्छ कळलं.

"माझ्याकडचा काटा सायकलींचा," दुकानदार म्हणाला. "शेजारी कुरियरवाल्यांकडे मोठा आहे. चला."

कुरियरच्या कचेरीत जमिनीसरसा लोखंडी काटा होता. दोन खोकी उतरवून तो त्यावर उभा राहिला. काउंटरवरच्या बाईने मान वर न करता आकडा वाचला. "एकशे एकतीस किलो चारशे. फुटणारा माल आहे का?" मग तिने वर पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. "माफ करा हो. सवयीने बोलले."

दुकानदार हसला. त्यालाही हसू आलं, पण ते ओठांपलीकडे गेलं नाही.

परत येऊन दुकानदाराने तीन फोर्क मांडले. पहिला हलका, हवेवर चालणारा. "तुम्ही नुसते बसलात की हा अर्धा खाली जाईल. दबू नये म्हणून हवा भरत गेलात तर लाकडासारखा कडक होईल, आणि त्याची ताकदही तेवढी नाही." दुसराही हवेचाच, पाय जरा जाड. "हा एकशे वीसपर्यंत." तिसऱ्याचे पाय चांगलेच जाड होते, आत पोलादी स्प्रिंग होती आणि हँडलकडची नळी खाली रुंद होत गेली होती. "याला तुमचं वजन पेलतं. पण आत्ता आहे ती स्प्रिंग मऊ आहे. सगळ्यात कडक मागवावी लागेल, दहा दिवस जातील. सायकल पाऊण किलोने जड होईल. पुढची ब्रेकची चकतीही मोठी घ्या."

"दुसऱ्यावर नाही भागणार? मी थोडा कमी झालो तर?"

"तुम्ही कमी व्हा असं मी म्हणत नाही. ते डॉक्टर सांगतील. मी आज काट्यावर दिसलं तेवढं बघतो."

"तिसरा द्या," तो म्हणाला.

दुकानातून तो सरळ बहिणीकडे गेला. ती कामाच्या खोलीत होती. प्लास्टर निघून चार दिवस झाले होते. टेबलावर करड्या कापडाचा तुकडा होता आणि ती मोठी कात्री उघडायचा प्रयत्न करत होती. अंगठा मध्येच अडत होता.

"दादा, बस. ते अस्तर बाजूला कर."

तो उभाच राहिला. "दगड नव्हता," तो म्हणाला. "फोर्क आधीच तडकला होता. मला आवाज येत होता."

तिने कात्री खाली ठेवली. "कधीपासून?"

"दीड महिना. माझ्या वजनाला तो नव्हताच. मला माहीत होतं."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची पिपाणी बराच वेळ वाजत राहिली.

"आई मला पंधरा दिवस बोलत होती," बहीण म्हणाली. "जरा दमानं चालवायला काय होतं, म्हणून. तू शेजारी बसून चहा पीत होतास."

"हो."

"तुला आवाज येत होता, तर मला निदान पुढे तरी जाऊ द्यायचंस. मागे का ठेवलंस?"

वजनाची लाज वाटत होती, असं तो म्हणू शकला असता. पण त्या आडमुठ्या अंगठ्यासमोर ते फारच किरकोळ वाटलं.

"आता जा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "माझं काम पडलंय."

तिथून निघून तो आईकडे गेला आणि तिलाही सगळं सांगितलं. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "मी तिला नको नको ते बोलले रे," आणि फोन शोधायला आत गेली.

स्प्रिंग बाराव्या दिवशी आली. दुकानदाराने त्याला सायकलवर बसवलं, फोर्क किती दबला ते कळायला त्याच्या पायावरची रबरी कडी किती सरकली ते पट्टीने मोजलं आणि मान डोलावली. तो एकटाच त्या उतारावर गेला. फोर्कने मुळं, खड्डे, सगळं गिळलं. हँडल हातात शांत राहिलं, कसलाही आवाज नव्हता. तरी वळणापाशी त्याचे कान टवकारले आणि पाय आपोआप खाली आले. उरलेला उतार तो सायकल हातात धरून चालत उतरला.

बहिणीने आपली सायकल विकल्याचं त्याला दुकानदाराकडून कळलं. तिने स्वतः सांगितलं नव्हतं. मनगट पूर्ण वळणार नाही, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. हातशिलाई जमत होती. जाड कापड कापणं मात्र जमत नव्हतं.

एका शनिवारी सुट्टी असताना तो तिच्याकडे गेला आणि दारातच म्हणाला, "कापायचं असेल ते मी कापतो. तू सांग फक्त."

तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. मग बाजूला झाली. "चपला बाहेर काढ. कापडावर पाय देऊ नकोस."

त्याच्या जाड बोटांत कात्री जेमतेम मावत होती. पहिला तुकडा वाकडा गेला. तिने तो न बोलता उचलला आणि दुसरा पसरला. संध्याकाळपर्यंत चार कोटांचं कापड कापून झालं. त्या वेळात ती कापडापुरतंच बोलली: थोडं डावीकडे, थांब, आता सरळ. निघताना त्याने पुढच्या शनिवारी येऊ का, असं विचारलं.

"दहाला ये," ती म्हणाली. "उशीर करू नकोस."